रफूच्या टेबलावरचा उजेड

बायकोच्या डाव्या डोळ्याची नजर निम्म्याहून जास्त गेली आहे आणि उजव्याचीही जायला लागली आहे, हे ज्या संध्याकाळी कळलं त्या संध्याकाळी लक्सराव पोटभर जेवले. ताट घासलं, दाराला कडी लावली, दुसऱ्या दिवशीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला. वाईट वाटायला हवं हे त्यांना कळत होतं, पण वाईट काही वाटेना. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला असूनही आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळ्या अंगाचं झालं होतं. हे बधिरपण पुढे कित्येक महिने टिकलं. ते कशानं आलं आणि कसं गेलं, एवढीच ही गोष्ट आहे.

लक्सराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कचेरीनं चिकटवलं. त्यांचं काम उजेड मोजायचं. कारखाने, शाळा, दवाखाने, छापखाने, जिथे म्हणून माणसं डोळे लावून काम करतात तिथे जायचं, टेबलावर पुरेसा उजेड पडतो का ते मीटरनं बघायचं आणि अहवाल द्यायचा. टेबलावर पडलेला उजेड ज्या मापात मोजतात त्याला लक्स म्हणतात. लोकांना साबण आठवतो. हा विनोद लक्सरावांनी इतक्या वेळा ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ते हसून मोकळे होत.

कचेरीत नवा माणूस आला की त्याला शिकवायचं काम त्यांच्याकडे, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. ते म्हणत, "उजेडाचे तीन हिशेब आहेत, त्यांची गल्लत करायची नाही. दिवा एकूण किती उजेड ओततो, तो पहिला. त्याचं माप ल्युमेन, बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. त्यातला टेबलावर किती पडतो, तो दुसरा. तो लक्स. आणि टेबलावर पडलेल्यातला तुमच्या डोळ्याकडे किती परत येतो, तो तिसरा. माणसाला दिसतो तो तिसरा. आपण मोजतो तो दुसरा."

"असं का साहेब?" नवा माणूस विचारी.

"कारण तो मोजायला सोपा," लक्सराव म्हणत, आणि पुढे जात.

एक लक्स म्हणजे किती, तर मेणबत्ती लावा आणि तिच्यापासून मीटरभर लांब कागद धरा. कागदावर पडतो तो साधारण एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात तेवढाही नसतो. घरात संध्याकाळी शे-दीडशे, नीट उजळलेल्या कचेरीत पाचशे, आणि भर दुपारी उघड्यावर लाखभर. चांदण्यापासून दुपारपर्यंत डोळा एवढं सगळं निभावून नेतो आणि तक्रार करत नाही. म्हणूनच मोजायच्या कामाला तो कुचकामी. खोलीतला उजेड निम्मा करा, त्याला वाटतं जरासा कमी झाला. दुप्पट करा, त्याला वाटतं जरासा वाढला.

पण दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, हे मात्र डोळा फार चांगलं ओळखतो. मीटर नव्हते तेव्हा लोक यावरच भागवत. कागदावर तेलाचा थेंब टाकायचा आणि तो कागद दोन दिव्यांच्या मधे उभा करायचा. एका बाजूचा उजेड जास्त असेल तर डाग उठून दिसतो. दिवा मागेपुढे सरकवत राहायचं. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग दिसेनासा होतो. मग दोन्ही दिव्यांची अंतरं मोजायची, की कोणता किती प्रखर ते निघतं. लक्सराव हा प्रयोग नव्या लोकांना चहाच्या सुट्टीत करून दाखवत, आणि डाग नाहीसा झाला की जादूगारासारखे कॉलर ताठ करत.

त्यांच्या कामाच्या सवयी ठरलेल्या. मीटरची पांढरी चकती टेबलावर सपाट ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं, नाहीतर आपलीच सावली पडते. शर्ट गडद घालायचा, कारण पांढऱ्या शर्टावरून उजेड उडून चकतीवर जातो आणि आकडा उगाच फुगतो. त्यामुळे लक्सरावांच्या कपाटात सगळे शर्ट करडे, नाहीतर काळपट निळे. बायको म्हणे, "तुमचं कपाट उघडलं की आभाळ भरून आल्यासारखं वाटतं."

बायको घरीच रफूचं काम करायची. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, कसरीनं खाल्लेला स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेली पँट. लाँड्रीवाला गठ्ठा आणून टाकायचा आणि दोन दिवसांनी घेऊन जायचा. कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि भोकावर आडवे-उभे असे विणून बसवायचे की गिऱ्हाईकाला स्वतःच्या कोटावर ती जागा सापडू नये. काम पारखायची तिची रीतही तीच. गिऱ्हाईक दहा मिनिटं शोधत बसलं तर काम चांगलं.

एक दिवस ती म्हणाली, "अहो, या टेबलावर हल्ली उजेड कमी पडतो."

आता दुसऱ्या कोणाची बायको असं म्हणाली असती तर त्या नवऱ्यानं काय केलं असतं? दिवा बदलला असता. तरी कुरकुर राहिली असती तर तिला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. त्याला दुसरं काही सुचलंच नसतं, आणि तेच बरं झालं असतं. पण ही पडली उजेड मोजणाऱ्याची बायको. तिच्या वाट्याला मीटर आला.

लक्सरावांनी चकती टेबलावर ठेवली, बाजूला झाले, आकडा वाचला. "पाचशे वीस. आमच्या साहेबांच्या टेबलावर एवढा नाही."

"असेल बाई," ती म्हणाली. "मला आपलं वाटतं."

काही आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी त्यांनी दिवाच खाली घेतला. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण तोच उजेड लांब गेला की पसरतो आणि जवळ असला की थोड्या जागेत दाटतो. हे त्यांनी तिला कणकेच्या पोळीवर समजावून सांगितलं. तेवढाच गोळा, लाटत जा, मोठी होते तशी पातळ होते. तिला कळलं. टेबलावर दोन हजार लक्स पडला. तिला तरी कमीच वाटला.

"काळा कोट आहे ना," लक्सराव म्हणाले. "काळं कापड शंभरातले चार-पाच परत देतं, बाकीचे गिळतं. हा तिसरा हिशेब. दिव्याचा दोष नाही, कापडाचा आहे."

"मग करडा स्वेटर का अंधारा दिसतो?"

"तू गॅलरीतून आत आलीस. डोळ्याला सरावायला वेळ लागतो."

"आणि सरावल्यावर?"

"वय झालं आपलं. साठीच्या माणसाला विशीतल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. पुस्तकात आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच तर वाईट. खोटं बोलणारा माणूस कधीतरी पकडला जातो. लक्सराव प्रत्येक वेळी बरोबर होते, आणि बायको प्रत्येक वेळी "असेल" म्हणून सुई हातात घेत होती. असं वर्षभर चाललं. त्यांनी खोली मोजली, दिवा मोजला, कापड मोजलं, छताचा रंग मोजला आणि तो पांढरा करून घेतला. तिला मात्र काय दिसतं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांच्या मीटरला डोळा होता ना! मीटरच्या आत एक रंगीत काच असते. ती काच मीटरला माणसाच्या डोळ्यासारखं बघायला लावते: हिरवटपिवळा जास्त, लाल आणि जांभळा कमी. फार पूर्वी काही माणसांचे डोळे तपासून त्यांची सरासरी काढली, तो हा डोळा. जगातले सगळे मीटर त्याच डोळ्यानं बघतात. तो कधी थकत नाही, कधी म्हातारा होत नाही, आणि लक्सरावांच्या घरात तो कोणाचाच नव्हता.

मग एक काळा कोट परत आला. लाँड्रीवाल्यानं तो टेबलावर पसरला आणि संकोचून म्हणाला, "ताई, हे भोक झकास बुजलंय. पण त्याच्या शेजारचं तसंच राहिलं." दोन भोकांमधे बोटभर अंतर होतं. तिनं मान थोडी डावीकडे वळवली तेव्हा तिला ते दुसरं भोक दिसलं. मान सरळ केली, की कापड अखंड.

तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. ते एका छापखान्यात उजेड मोजायला गेले होते. ती एकटी उठली, रिक्षा केली आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसली. संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते, दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर जाते. गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे आणि उरलेलं राखायचं. थेंबांनी उजवा डोळा धरला तर ठीक. नाही धरला तर ती आंधळी होणार.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजेड कमी वाटतो असं पुष्कळ जण सांगत येतात," ती म्हणाली. "म्हणाल्या, वर्षभर आधी यायला हवं होतं."

लक्सरावांनी ते ऐकलं, आणि ते पोटभर जेवले, ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

पुढचे महिने त्यांनी सगळं केलं. थेंब ठरल्या वेळी घातले. बाटली उभी धरायची, खालची पापणी ओढायची, एक थेंब, मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. एकही वेळ चुकली नाही. कामावर गेले, चकती ठेवली, बाजूला झाले, आकडे लिहिले. कोणी साबणाचा विनोद केला तर आधी हसले. नव्या लोकांना शिकवायचं मात्र त्यांनी सोडलं, बरं वाटत नाही म्हणाले. मीटर घरी आणणं बंद केलं. बायकोशी बोलायचे ते "थेंब", "जेवायला", "चल", एवढंच. ती भांडायला बघायची, तेही त्यांना जमेना.

"मला नीट दिसत नाही, आणि तुम्ही बोलत नाही," ती एकदा म्हणाली. "घरात आहे तरी कोण?"

त्यांनी ऐकलं. उत्तर द्यायला हवं असं वाटलं. मग ते वाटणंही विझलं आणि ते भाजी निवडत बसले.

नजरेची पहिली परीक्षा ती एकटी गेली त्या दिवशीच झाली होती; थेंबांनी उजवा डोळा धरला की नाही, हे दुसऱ्या परीक्षेत कळणार होतं. त्या दिवशी लक्सरावांनी रजा घेतली आणि तिच्याबरोबर गेले. परीक्षेची खोली काचेच्या दारातून बाहेरच्या बाकावरून दिसायची. आत परातीएवढा पांढरा वाडगा आडवा बसवलेला. माणसानं त्यात तोंड करून हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. वाडग्यात इकडे तिकडे उजेडाचे बारीक ठिपके लुकलुकतात, काही ठळक, काही अगदी पुसट. दिसला की हातातलं बटण दाबायचं. प्रत्येक जागी यंत्र ठिपका मंद मंद करत जातं आणि कुठवर दिसतो ते शोधतं. शेवटी नकाशा निघतो. जिथे पुसट ठिपकाही दिसला तिथे पांढरा, जिथे ठळकही दिसला नाही तिथे काळा.

लक्सरावांना ते यंत्र बघताक्षणी कळलं. ते त्यांच्याच धंद्यातलं होतं, फक्त उलटं चालवलेलं. इथे उजेड आधीच मोजलेला होता. मोजला जात होता तो माणूस. अशीही रीत असते हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं, वर्षानुवर्षं ठाऊक होतं. हे ध्यानात आलं तरी त्यांना काही वाटलं नाही. ते नुसते काचेतून बघत राहिले. आतून बटणाचा आवाज येत होता, टिक, टिक, टिक, एका लयीत.

नकाशा घेऊन दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. नकाशा बराच पांढरा होता. उजवा डोळा तर मागच्यापेक्षा सुधारलेला. डॉक्टरीणबाईंनी तो एकदा बघितला, पुन्हा बघितला, आणि चष्मा काढून ठेवला.

"काकू, तुम्हाला यात काय काय दिसलं?"

"सगळं दिसलं."

"यंत्र मधेच फसवतं. ठिपका दाखवायची वेळ येते, पण ते दाखवतच नाही. कोण उगाच दाबतं ते कळावं म्हणून. तुम्ही तिथेही दाबलंय. जवळजवळ दर वेळी."

बायको खाली बघू लागली. मग म्हणाली, "त्याला लय असते हो. धाग्यासारखी. दोनदा बसले की हाताला कळतं, आता यायचा. नकाशात भोकं होती मागच्या वेळी. मी ती रफू केली."

"पण का?"

"हे बाहेर बसले होते ना, काचेला नाक लावून." तिनं लक्सरावांकडे हात केला, जरा चुकीच्या बाजूला. "महिने झाले, हे माणसात नाहीत. आकड्यावर यांचा फार विश्वास. म्हटलं, एखादा चांगला आकडा यांच्या हातात पडला तर बोलतील तरी."

डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि रागावणं त्यांचं कामच होतं. "हा नकाशा मी खरा धरला असता तर आहेत तेच थेंब चालू ठेवले असते. आणि तुमचा उजवा डोळा आतल्या आत संपला असता. कळतंय का तुम्हाला? यांना बोलतं करायला डोळा देऊन बसला असता!"

परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली, थोडी विश्रांती घेऊन. दोघं बाकावर आली. लक्सरावांच्या छातीत काहीतरी हललं, पण ते काय, ते त्यांना ओळखता येईना. ते एवढंच म्हणाले, "दिसेल तेव्हाच दाब."

"आणि आकडा वाईट आला तर?"

"येऊ दे."

या वेळी आतून येणारा आवाज वेगळा होता. टिक. मग काही नाही. टिक, टिक. मग बराच वेळ काही नाही. लक्सराव त्या मधल्या वेळात बसून होते. त्यांना आता कळत होतं, की आत्ता, या क्षणी, त्या वाडग्यात एक ठिपका पेटलेला आहे, चांगला ठळक, सगळ्या जगाला दिसेल असा, आणि तिला तो दिसत नाहीये. मग आणखी एक. मग आणखी एक. असे किती दिवस तिच्या टेबलावर गेले असतील, आणि ते तिला पाचशे वीस सांगत होते.

खरा नकाशा आला. डावा डोळा आहे तसाच, उजवा थोडा घसरलेला. थेंब पुरेसे नव्हते. डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध लिहिलं आणि म्हणाल्या, यानं दाब उतरला नाही तर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, उशीर झालेला नाही, पण आता खोटं दाबायचं नाही. बायकोनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

औषधाच्या खिडकीला गर्दी होती म्हणून दोघं पुन्हा बाकावर टेकली. लक्सराव तिच्या डाव्या हाताला बसले.

"तुला," ते म्हणाले, आणि थांबले. "तुला काय काय दिसत नाही?"

तिनं त्यांच्याकडे तोंड वळवलं. "आत्ता विचारताय होय?"

"आत्ता विचारतोय."

"जिन्याची खालची पायरी. कप, टेबलाच्या कडेला ठेवला तर. रस्ता ओलांडताना डावीकडून येणारं काहीही. येतं आणि एकदम असतंच." ती सरळ समोर बघून बोलत होती, गिऱ्हाईकाला कामाचा हिशेब द्यावा तशी. "आणि तुम्ही. असे या बाजूला बसलात की तुम्ही नसताच. आवाज येतो तेवढाच. आणि आवाजही बंद केलात."

लक्सराव उठले. बाकाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला येऊन बसले, अगदी खेटून.

"आता?"

तिनं मान कलती करून त्यांना नीट निरखलं. "आता आहात. सकाळी केस विंचरले नाहीत वाटतं."

त्यांनी केसांवरून हात फिरवला, आणि तो हात तसाच डोक्यावर ठेवून, औषधाच्या रांगेतल्या सगळ्या माणसांदेखत, ते हुंदके देऊन रडायला लागले.